कॉन्सुएलो आणि आमची नऊ होल्स

दुबईतल्या नोकरीवर लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा उंच इमारती आणि सोन्याचा बाजार असावा. माझ्याकडे त्यातलं काही नाही. माझ्याकडे गवत आहे, आणि होंडुरासहून आलेली एक बाई आहे.

मी रावेरकडचा, केळीवाल्या घरातला. शेतकीची पदवी घेतली, पण बाग भावावर सोपवून वाळवंटात गेलो आणि वीस-बावीस वर्षं असं पीक काढत राहिलो की जे माणूस खात नाही आणि जनावराला खाऊ देत नाहीत. मी गोल्फ कोर्सचं गवत सांभाळायचो. लग्नकार्यात कुणी विचारलं, की मी सरळ सांगायचो, दुबईला गवत वाढवतो. समोरचा हसायचा. मग मी हसत नाही हे पाहून बायकोकडे बघायचा.

ज्यांना या खेळाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लिंबाएवढा बॉल काठीने मारत मारत तीन-चारशे मीटर लांबच्या, वाटीच्या तोंडाएवढ्या खड्ड्यात घालायचा. त्या खड्ड्याला होल म्हणतात. खेळायला सुरुवात होते तिथपासून त्या खड्ड्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. असे अठरा पट्टे झाले की कोर्स पूर्ण. खड्ड्याभोवतीची जागा म्हणजे ग्रीन. तिथलं गवत रोज पहाटे इतकं बारीक कापायचं की हात फिरवला तर सतरंजीवरून फिरवल्यासारखं वाटावं. आणि हे सगळं जिथे वर्षभर धड पाऊस नाही आणि उन्हाळ्यात टोपी काढायची सोय नाही, अशा वाळूत. आम्ही लावायचो ते पास्पालम नावाचं समुद्रकाठचं गवत. त्याला खारं पाणी चालतं, सांडपाणी शुद्ध करून दिलं तरी चालतं, पण पाणी हवं. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पाणी तोडलं तर ग्रीन संपलं.

२००८ साली मी अल क्वोजच्या पलीकडे, वाळवंटाच्या अंगाला उभ्या राहणाऱ्या एका व्हिला प्रोजेक्टवर होतो. अठरा होल्सचा कोर्स होणार होता. नऊ होल्सवर गवत धरलं होतं, उरलेल्या नऊवर नुसते वाळूचे उंचवटे. रस्त्याकडेला दोनमजली होर्डिंग होतं आणि त्यावर काठी खांद्यामागे नेलेली एक सावळी, दणकट बाई हसत होती. हीच कॉन्सुएलो. तिच्या देशातून अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत पोचलेली पहिली स्त्री. कंपनीने तिचं नाव कोर्सला द्यायचं ठरवलं होतं. उद्घाटनापर्यंत ती इथेच राहणार होती, आणि करारात तिला एक व्हिलाही मिळाला होता.

ती आली त्या दिवशी आमचा इंग्रज साहेब तिला ऑफिसात घेऊन आला. बाकीच्यांशी ओळखपाळख होईपर्यंत ती माझ्या टेबलाकडे बघत होती. टेबलावर केळ्यांची फणी होती. तिने एक केळं उचललं, देठ पाहिलं, आणि हे फार लवकर कापलंय म्हणाली. मी म्हणालो, बरोबर, आमच्याकडे असा घड कुणी कापला तर त्याला घरी पाठवतात. तुमच्याकडे म्हणजे कुठे, तिने विचारलं. मग अर्धा तास आम्ही केळीवरच बोललो. तिचं गाव म्हणजे फळ-कंपनीची वसाहत. चहूकडे केळी, मधोमध साहेबलोकांसाठी छोटा गोल्फ कोर्स, आणि त्या कोर्सचं गवत कापणारा माणूस म्हणजे तिचा बाप. ओला घड खांद्यावर घ्यायचा तर आधी मान कुठे वळवायची हे तिने करून दाखवलं. आमच्या रावेरचे मजूर अगदी तस्सेच वळवतात. इंग्रज साहेब घड्याळ बघत उभा होता.

जाताना ती आभार मानत म्हणाली, "ग्रासियास, दोन हेमंत." मी मागे वळून पाहिलं. दुसरा हेमंत कुठला? त्यांच्या स्पॅनिश भाषेत 'दोन' म्हणजे राव किंवा साहेब, हे मला नंतर समजलं. आमच्या घरी मात्र ते कायमचं चिकटलं. माझी मुलगी इरा तेव्हा दहा-अकराची होती. मी एखादं काम विसरलो की ती विचारायची, "विच हेमंत फरगॉट, बाबा?"

कॉन्सुएलो स्वतःबद्दल फार बोलत नसे. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, सकाळी मी ग्रीन कापत असताना ती कडेला उभी राहून कॉफी पीत असे तेव्हा. बापाने तिला पेरूच्या फांदीची काठी करून दिली होती. कंपनीतल्या एका डॉक्टरीणबाईने तिचा फटका पाहिला आणि स्वतःच्या जुन्या काठ्या दिल्या. पुढे स्कॉलरशिपवर अमेरिका, मग व्यावसायिक खेळ. पहिल्या वर्षी कपडे बदलायच्या खोलीत एका नामवंत खेळाडूने तिला कामवाली समजून टॉवेल मागितला. मी विचारलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, टॉवेल दिला, तिला हवा होता ना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकत्र खेळलो आणि मी जिंकले. शेवटी तिने मला विचारलं, तू खेळाडू आहेस हे काल का नाही सांगितलंस? मी म्हटलं, आज सांगितलं ना.

दोन मोठ्या स्पर्धा तिने जिंकल्या. तिच्या मागोमाग त्या भागातल्या आणखी मुली आल्या. पण चाळिशीच्या आसपास तिला एक विचित्र दुखणं जडलं. दोनशे मीटरवरून ती बॉल टेबलावर ठेवल्यासारखा ग्रीनवर ठेवायची, आणि खड्डा तीन फुटांवर राहिला की हात थरथरायचे. लहान मुलाने घालावा असा बॉल कडेने निघून जायचा. डॉक्टर झाले, मानसतज्ज्ञ झाले. अखेर तिचं स्पर्धांतलं स्थान गेलं. दुबईला ती होर्डिंगवर हसायला आली होती, खेळायला नाही. हे तिने मला अगदी साध्या सुरात सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मग मंदी आली आणि ते प्रोजेक्ट बुडालं. जगात काय झालं ते पेपरांत आलं आहे. आमच्याकडे एवढंच झालं की एका आठवड्यात क्रेन थांबल्या, दुसऱ्या आठवड्यात इंग्रज साहेब कुटुंबासह निघून गेला, आणि महिनाभरात माझी गवत कापणारी बहुतेक मुलं विमानात बसली. त्यातली काही नेपाळची होती, काही केरळची. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं, पण आजही कुठे चांगलं कापलेलं गवत दिसलं की त्यांचे चेहरे आठवतात. मला ठेवलं. पगार अर्धा, व्हिसा पूर्ण. बायको सुनंदा ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत शिकवत होती म्हणून घर चाललं.

उन्हाळा तोंडावर असताना ऑफिसात उरलेल्या एकुलत्या एक मॅनेजरने मला बोलावलं. हा लेबनॉनचा माणूस, मनाने वाईट नव्हता. म्हणाला, पाण्याची लाइन सोमवारपासून बंद, बजेट खलास. मी म्हटलं, गवत मरेल. तो म्हणाला, हबीबी, इथे माणसं चालली आहेत, तू गवताचं काय घेऊन बसलास. त्याचंही खरं होतं.

मी हे कॉन्सुएलोला सांगितलं. आता हीही बॅग भरेल असं मला वाटलं. तिने विचारलं, किती दिवस जगेल? तलावात आहे तेवढं पाणी पुरवून पुरवून दोन आठवडे, मी म्हणालो. कोर्सच्या मधोमध दिसणारे ते सुंदर तलाव म्हणजे खरं तर आमच्या पाण्याच्या टाक्या असतात. ती म्हणाली, मग दोन आठवड्यांत पाणी शोधू. तिच्या बोलण्यात 'शोधू' होतं, 'शोध' नव्हतं. तिचा बाप असाच बोलत असणार, असं मला उगाच वाटलं.

पाणी सापडलं ते मुश्ताकभाईंमुळे. मुश्ताकभाई दापोलीचे, अल क्वोजमधल्या एका मोठ्या लेबर कॅम्पचे व्यवस्थापक. आमची ओळख दुबईच्या जुन्या देरा भागातल्या मासळीबाजारात झालेली. मराठीत घासाघीस करायला कुणीतरी मिळालं म्हणून दोघंही खूश. त्यांच्या कॅम्पला गटाराची लाइन नव्हती. सांडपाणी तिथेच शुद्ध व्हायचं आणि ते टँकरने दूर नेऊन टाकावं लागायचं. टँकरच्या रांगा अशा, की ड्रायव्हर दिवस दिवस उभे. मी भीत भीत विचारलं, ते पाणी आमच्या तलावात टाकाल का? मुश्ताकभाईंनी आधी बाहेरच्या टँकरच्या रांगेकडे बोट केलं.

"चौधरीभाऊ," ते म्हणाले, "मी रोज नमाजला बसलो की एकच मागतो, या पाण्याची कायतरी सोय लाव. नि तुम्ही ते माझ्याकडं मागायला आलायत?"

पाण्याची तपासणी केली, नगरपालिकेचा परवाना घेतला. त्याला दोन आठवड्यांवर चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत दोन ग्रीन्स पिवळी पडली. मग एका सकाळी टँकरची माळ कोर्सच्या गेटातून आत आली. पुढच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी मुश्ताकभाई, वरातीत बसावं तसे. लेबनीज मॅनेजर खिडकीत उभा होता. त्याने मला फोन करून सांगितलं, मी काहीच पाहिलेलं नाही, यल्ला, चालू दे. पहिले काही दिवस वास यायचा, पण गवताला नाक नसतं. पंधरवड्यात ती दोन्ही ग्रीन्स पुन्हा हिरवी धरली. कॉन्सुएलो मशिनवर बसून स्वतः फेअरवे कापायची, म्हणजे मधला लांब पट्टा. रस्त्याने जाणारे लोक आधी होर्डिंगकडे बघायचे आणि मग मशिनवरच्या बाईकडे.

उन्हाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, तिने आणखी एक गोष्ट काढली. कोर्स उघडायला गिऱ्हाईक नाही, क्लब नाही, पण गवत आहे. शुक्रवारी सकाळी बायकांना बोलवू. फुकट. ज्यांनी आयुष्यात काठी धरली नाही त्यांना. तिने तसं मॅनेजरला सांगितलं, आणि त्याने आपण हेही ऐकलं नाही असं सांगितलं.

पहिल्या शुक्रवारी सुनंदा शाळेतल्या चार शिक्षिकांना घेऊन आली, पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट घालून. एक पुण्याच्या बाई साडीतच आल्या होत्या, पदर खोचून. त्यांनी पहिल्या फटक्यात बॉल सोडून माझं गवत उडवलं, मग ते ढेकूळ हातात घेऊन मला विचारलं, हे बाल्कनीत लावलं तर जगेल का? जगेल, मी म्हटलं, पण रोज पहाटे मशिन घेऊन यावं लागेल. त्यांनी काठ्यांची किंमत विचारली. जुन्या बाजारात एक काठी पन्नास दिरहमला मिळते, असं कॉन्सुएलो म्हणाली. बाईंनी लगेच मोठ्याने हिशेब केला, म्हणजे साडेसहाशे रुपये, एका काठीला. मग त्या पुढे दोन वर्षं कोर्सचीच काठी वापरत आल्या, आणि काय मारायच्या.

मुश्ताकभाईंच्या मिसेस आल्या. शेजारच्या वस्तीतून उम्म सईद आल्या. या अमिराती, म्हणजे तिथल्याच बाई, साठीच्या, काळा पायघोळ अबाया, हातात काठी धरलेली मेंढपाळासारखी. त्यांच्या दोन मुली बरोबर होत्या. उम्म सईदना बॉल लांब मारण्यात रस नव्हता. त्यांना फक्त खड्ड्यात घालायचा होता, आणि तो त्या घालायच्या. न बघता, न थांबता, गप्पा मारता मारता. त्यांच्या आईने लहानपणी ओअ‍ॅसिसमध्ये खजुराच्या बिया खड्ड्यात मारायचा खेळ शिकवला होता म्हणे.

एका शुक्रवारी कॉन्सुएलो त्यांना बॉल कसा हळूच ढकलायचा ते दाखवायला वाकली. बॉल तीन फुटांवर. आणि तिचे हात थरथरायला लागले. तिने सरळ होऊन श्वास घेतला, पुन्हा वाकली, पुन्हा तेच. उम्म सईदनी मुलीला अरबीत काहीतरी विचारलं. मुलीने संकोचून इंग्रजीत सांगितलं, की आई विचारते आहे, तुम्ही इतका वेळ त्याच्याकडे काय बघता? तो पळून थोडाच जाणार आहे?

उम्म सईदनी मग स्वतःच हात हलवून सांगितलं, "यल्ला. खलास." म्हणजे चल, मार, झालं.

कॉन्सुएलो हसली आणि हसता हसताच तिने बॉल मारला. तो आत पडला. तिने दुसरा ठेवला, न थांबता मारला. तोही पडला. त्या दिवशी बायका घरी गेल्या तरी ती ग्रीनवरच होती. मी दुपारचा डबा खाऊन आलो तेव्हा तिने खड्ड्याभोवतीचं माझं गवत पार तुडवून टाकलं होतं आणि मला ते बघून आनंद होत होता.

डिसेंबरात दुबईत बायकांची एक मोठी व्यावसायिक स्पर्धा असायची. आयोजकांनी तिला जुनं नाव म्हणून आमंत्रण दिलं. त्यांना बहुधा उद्घाटनाला हात हलवणारी पाहुणी हवी होती. तिने कळवलं, मी खेळणार. आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, तू माझी काठ्यांची बॅग उचल. मी म्हटलं, अगं, मी उभ्या आयुष्यात बॅग उचललेली नाही. ती म्हणाली, तिथेही तुझंच गवत आहे, पास्पालम. ते कुठे झुकतं ते तुला कळतं. हे खरं होतं. गवताची पाती ज्या बाजूला कलतात तिकडे बॉल थोडा ओढला जातो, आणि माझं निम्मं आयुष्य पाती बघण्यात गेलेलं.

पहिल्या दिवशी ती बरी खेळली. दुसऱ्या दिवसाअखेर निम्म्या खेळाडू बाहेर पडतात. उरलेल्याच पुढचे दोन दिवस खेळतात. शेवटच्या होलवर आम्ही आलो तेव्हा हिशेब साधा होता. आत पडला तर राहिलो, नाही पडला तर घरी. बॉल तीन-साडेतीन फुटांवर. दोरीपलीकडे आमची सगळी शुक्रवारची मंडळी उभी होती. सुनंदा, इरा, साडीवाल्या बाई, पांढऱ्या कपड्यांतले मुश्ताकभाई आणि मिसेस, उम्म सईद आणि मुली. मी पाती पाहिली. डावीकडे किंचित, तिला म्हटलं. ती वाकली. एवढ्या माणसांत पाण्याचा पंप ऐकू येईल इतकी शांतता. ती थांबली. जास्त थांबली. मला तिचं मनगट दिसत होतं आणि ते हलायला लागलं होतं.

तेवढ्यात दोरीपलीकडून, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला.

"यल्ला."

गोल्फमध्ये हे पाप आहे. पंचांनी मान वळवली. इरा पुटपुटली, "दिस इज सो एम्बॅरसिंग." कॉन्सुएलोचे खांदे हलताना दिसले, आणि ते हसण्याने हलत होते. तिने पुन्हा बॉलकडे पाहिलंसुद्धा नाही. मारला. बॉल डावीकडून किंचित वळून आत गेला.

मी बॅग खाली टाकली. ती टाकायची नसते, हे नंतर कळलं. तिने मला मिठी मारली, सुनंदाच्या देखत, आणि सुनंदा टाळ्या वाजवत होती. पुढच्या दोन दिवसांत कॉन्सुएलोने पोरींना मागे टाकत पहिल्या दहांत जागा मिळवली. चव्वेचाळिसाव्या वर्षी. पेपरात फोटो आला. फोटोत तिच्या मागे माझं अर्धं डोकं आहे. सुनंदाने तो फ्रेम केला आणि रावेरला भावाने गावभर दाखवला.

त्या फोटोचा एक उपयोग झाला. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट दुसऱ्या कंपनीने घेतलं. त्यांना व्हिला हवे होते, कोर्स नको होता, पण शुक्रवारी दीडशे बायका येताहेत हे पाहून त्यांनी नऊ होल्स ठेवली. उरलेली नऊ कधीच झाली नाहीत. तिथे आता इमारती आहेत. त्याची मला थोडी हळहळ आहे, कारण अकराव्या होलचा उतार मी स्वतः काढला होता आणि तो चांगला होता. कॉन्सुएलो मुख्य प्रशिक्षक झाली आणि मी तिथला साहेब. जुन्या मुलांपैकी तिघांना परत बोलावता आलं.

त्या हिवाळ्यात तिने बापाला बोलावून घेतलं. दोन आबेल, म्हणजे आबेलराव, सत्तरी ओलांडलेले, बुटके, पायाला जरा लंगडे. देशाबाहेर पहिल्यांदाच आले होते. कॉन्सुएलोला वाटलं त्यांना उंच इमारती दाखवाव्यात, समुद्र दाखवावा. त्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या माझं मशिनचं गोडाऊन कुठे आहे ते विचारलं. मशिनच्या पात्यांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग आम्ही दोघं नऊच्या नऊ होल्स चालत फिरलो. त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं, मला स्पॅनिशमधलं फक्त 'दोन' येत होतं. पण ते वाकून मातीचा वास घ्यायचे, मी पाण्याचे नळ दाखवायचो, ते एखादी पिवळी जागा बोटाने दाखवून कपाळाला आठ्या घालायचे, मी खांदे उडवायचो. इतकं नीट संभाषण मी नोकरीत कुणाशी केलं नसेल.

परत आल्यावर कॉन्सुएलोने त्यांच्या हातात काठी दिली. ते मागे सरले. तिने मला सांगितलं, की बाबांनी आयुष्यभर तो कोर्स कापला, पण त्यावर एकदाही बॉल मारला नाही. कामगारांना परवानगी नव्हती. पुढे कंपनी गेली, परवानगी मागायला कुणी उरलं नाही, तरी त्यांनी मारला नाही. मी म्हटलं, मीही नाही मारलेला. ती थबकली. इतकी वर्षं, तू? आमच्याकडेही स्टाफला मनाई असायची, मी म्हटलं, आणि पुढे मी साहेब झाल्यावरही तशी सवय लागली नाही.

मग तिने दुसरी काठी माझ्या हातात दिली.

पहिल्या होलवर आम्ही दोघं उभे राहिलो. दोन आबेलनी आधी टोपी काढली, परत घातली, आणि मारला. बॉल सशासारखा उड्या मारत गेला. माझा बंकरमध्ये, म्हणजे मीच खणलेल्या वाळूच्या खड्ड्यात. किती फटके झाले ते मोजायचं नाही असं ठरलं होतं, आणि नंतर कळलं की दोघंही मनातल्या मनात मोजत होतो. ग्रीनवर मात्र म्हाताऱ्याने गवताकडे एकदा पाहिलं आणि खोलीएवढ्या अंतरावरून बॉल सरळ आत घातला. कॉन्सुएलो ओरडली. माझाही गेला, तिसऱ्या खेपेला.

बॉल आत गेला की खेळाडू हात वर करतात, फोटो काढतात, निघून जातात. बॉल उंचावरून पडला की ग्रीनवर लहानसा खळगा होतो, बुटांचे वळ उठतात, ते बुजवायचं काम आमच्या लोकांचं. दोन आबेल वाकले. त्यांनी खड्ड्यातला बॉल काढलाच नाही. गुडघ्यावर बसून ते माझ्या बुटांनी उठवलेले वळ बोटांनी हलकेच दाबायला लागले. मीही बसलो आणि त्यांच्या बुटांचे बुजवायला लागलो. काम झाल्यावर ते हाताची माती झटकत उठले, ग्रीनवर नजर फिरवली, आणि लेकीला काहीतरी म्हणाले.

मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात," कॉन्सुएलो हसत डोळे पुसत म्हणाली, "आता दुसरं होल."